फोर्टीनाइनर्सचा नवा कॉर्नरबॅक शार्व्हेरियस वॉर्ड: माणूस बरोबर निवडला का?

नाना_सनीवेलकर | १५ मार्च २०२२

काल एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) फ्री एजन्सीची, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंना घ्यायची, बोलणी उघडली आणि पहिल्याच दिवशी आपल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी कॅन्सस सिटी चीफ्सचा शार्व्हेरियस वॉर्ड उचलला. ३ वर्षं, ४ कोटी २० लाख डॉलरपर्यंत. कागदावर सही उद्या, नवं लीग वर्ष लागलं की.

गरज होती यात वाद नाही. गेल्या मोसमात पहिल्याच सामन्यात डेट्रॉइटला जेसन व्हेरेटचा गुडघा गेला आणि तिथून पुढे कॉर्नरवर, म्हणजे पास पकडणाऱ्या रिसीव्हरला अडवणाऱ्या कडेच्या बचावपटूच्या जागी, नुसती ठिगळं. जॉश नॉर्मन चौतिशीला टेकलेला, रिसीव्हरच्या गळ्यात पडून खेळत होता आणि पंच नियमभंगाचे पिवळे रुमाल टाकून दमले. अँब्री थॉमस पहिल्या वर्षाचा पोरगा. शेवटी शेवटी सावरला, रॅम्सविरुद्ध ओव्हरटाइमला त्यानंच इंटरसेप्शन करून (समोरच्यांचा पास पकडून) आपल्याला प्लेऑफमध्ये नेलं. पण तीन आठवड्यांनी त्याच रॅम्सनी २०-१७ नं घरी पाठवलं.

माझी शंका पैशाबद्दल कमी आणि माणसाबद्दल जास्त आहे. वॉर्ड चीफ्सकडे चार मोसम खेळला, त्यात इंटरसेप्शन किती? चार. प्रो बोल (लीगच्या ताऱ्यांचा सामना) एकही नाही. मग हा पहिल्या फळीचा कॉर्नर कशावरून? की बाजारातला महागडा कॉर्नर जे. सी. जॅक्सन परवडत नव्हता म्हणून जो हाताला लागला तो घेतला? ज्यांनी त्याला दर आठवड्याला पाहिलंय त्यांनी लिहा. आकडेवाल्यांनीही लिहा, पण माणसाला कळेल असं.

रात्रपाळी | १५ मार्च

ते सगळं ठीक, पण आपल्या क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्याला), जिमी गारोपोलोला, कोण विकत घेणार? खांद्याचं ऑपरेशन करून बसलाय.

पर्वती_पायथा | १५ मार्च

आपल्याकडे सेफ्टीला (सर्वांत मागच्या बचावपटूच्या जागी) जिमी वॉर्ड आहेच, आता कॉर्नरलाही वॉर्ड. इकडे पुण्यात कालच नगरसेवकांची मुदत संपली, आजपासून प्रशासक. वॉर्ड आहेत, नगरसेवक नाहीत. तुमच्याकडे जास्तीचे झाले तर पाठवा.

शेंगदाणा | १५ मार्च

फुटबॉल वाचून आत शिरलो. रविवारी फातोर्ड्याला आयएसएलची फायनल आहे, वाटलं तेच असेल. इथं तर अंड्याच्या आकाराचा चेंडू निघाला. असो, चहा टाकलाय, वाचतो.

कॅन्सस_काकू | १५ मार्च

नाना, मी लिहिते. आम्ही ओव्हरलँड पार्कला, घरात सगळे लाल कपड्यांतले. तुमचा लाल वेगळा, आमचा वेगळा.

वॉर्डला ड्राफ्टमध्ये (कॉलेजातल्या खेळाडूंच्या निवडीत) कुणीच घेतलं नव्हतं, २०१८ ची गोष्ट. मिसिसिपीतला मुलगा, आधी हाइंड्स नावाचं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज, मग मिडल टेनेसी. डॅलस काउबॉईजनी उन्हाळ्यात सरावाला ठेवला आणि मोसम सुरू व्हायच्या तोंडावर आमच्याकडच्या पार्कर एहिंगर नावाच्या गार्डच्या बदल्यात देऊन टाकला. तेव्हा इकडं कुणाला पत्ताही नव्हता. त्या मोसमाच्या शेवटी-शेवटी थेट सुरुवातीच्या अकरांत आला आणि पुढच्या वर्षी सुपर बोलला (लीगच्या अंतिम सामन्याला) तुमच्याच विरुद्ध सुरुवातीपासून खेळला. निकाल लिहीत नाही, तुमचा धागा आहे.

माझ्या डोळ्यांना दिसलेलं सांगते. उंची ६ फूट १ इंच, हात लांब. रिसीव्हर सुटायच्या आधीच रेषेवर त्याच्या छातीवर हात ठेवून पहिलं पाऊल चुकवायचं, हे त्याचं मुख्य काम. उंच, ताकदवान रिसीव्हरला हा बरा पुरतो. छोटे, चपळ, दोनदा दिशा बदलणारे असले की याला पाय वळवायला क्षणभर जास्त लागतो आणि मग हात पुढे जातो, जर्सी धरतो. टॅकल मात्र मनापासून करतो, कॉर्नर लोकांत हे दुर्मीळ. बरेचसे अंगाला माती लागू नये अशा बेतानं खेळतात.

आणि एक लक्षात ठेवा, चीफ्सनी सोडला म्हणजे टाकाऊ असं नाही. आमचे जनरल मॅनेजर ब्रेट व्हीच कॉर्नरला दुसरा मोठा करार देतच नाहीत. मार्कस पीटर्स विकला, स्टीव्हन नेल्सन गेला, केंडल फुलर गेला, आता वॉर्ड. पोरगं तयार करायचं, महाग झालं की नमस्कार.

आकडेमोड | १५ मार्च

नाना, इंटरसेप्शनवरून कॉर्नर मोजायची सवय सोडा.

नामडी असोमुआचं उदाहरण घ्या. रेडर्सकडे २००६ मध्ये ८ इंटरसेप्शन. पुढची तीन वर्षं? एक, एक, एक. तो वाईट झाला का? उलट. क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला बघेनासे झाले. चेंडूच येत नाही तर पकडणार काय?

दुसऱ्या टोकाला गेल्या मोसमातला डॅलसचा ट्रेव्हॉन डिग्ज. ११ इंटरसेप्शन, सगळीकडे नाव. त्याच मोसमात त्याच्या अंगावरून हजाराच्या वर यार्डही गेले. तो जुगार खेळतो. कधी जॅकपॉट, कधी दिवाळं. त्याला वाईट म्हणत नाही, पण आकडा एकच बघाल तर फसाल.

मी काय बघतो: त्याच्या दिशेनं किती चेंडू टाकले, त्यातले किती पकडले गेले, पकडल्यावर पुढे किती पळू दिलं, किती चेंडू हात लावून पाडले, आणि किती रुमाल पडले. शेवटची गोष्ट आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची. लीगमध्ये पास इंटरफेरन्सचा रुमाल पडला की चेंडू थेट त्या जागी जातो. चाळीस यार्डांवर धरलं तर चाळीस यार्ड फुकट. कॉलेजात दंड जास्तीत जास्त १५ यार्डांचा असतो, त्यामुळे नवी पोरं इथं येऊन बिघडतात. नॉर्मन तर नवाही नव्हता.

दहिसरचा_दादा | १६ मार्च

आकडेमोड यांनी असोमुआची अर्धीच गोष्ट सांगितली. बाकीची मी सांगतो, कारण या धाग्यासाठी तीच महत्त्वाची.

२०११ ला फिलाडेल्फियानं त्याला ५ वर्षं, ६ कोटी डॉलर देऊन नेलं. रेडर्सकडे तो एका बाजूला उभा राहायचा, समोरच्याला रेषेवर अडवायचा, बस. ईगल्सनी त्याला मैदानभर फिरवलं, झोनमध्ये (माणूस नाही, जागा राखायला) मागे उभं केलं, कधी आत खेळवलं. शिवाय बचावाचा प्रमुख होता हुआन कास्तियो, जो तोवर आक्रमणाच्या लाइनचा कोच होता! दोन मोसमांत सगळं संपलं. नंतर २०१३ ला आपल्याकडेही येऊन गेला, आठवतंय का कुणाला? नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच सोडला.

तीच कथा जॉश नॉर्मनची, उलट्या दिशेनं. कॅरोलायनात झोनमध्ये क्वार्टरबॅककडे डोळे लावून खेळायचा, तिथं राजा होता. वॉशिंग्टननं २०१६ ला ५ वर्षं, साडेसात कोटींना नेलं आणि वेगळंच काम दिलं. तिथं राजाचा शिपाई झाला.

आता वॉर्ड. चीफ्सकडे स्टीव्ह स्पॅग्नुओलोची पद्धत: ब्लिट्झ पाठवा (जास्तीची माणसं क्वार्टरबॅकवर सोडा), मागे कॉर्नरला एकटं सोडा, रेषेवर भिडा. आपल्याकडे बचावाचा प्रमुख डमेको रायन्स झोन जास्त खेळवतो आणि ब्लिट्झ कमी, चार माणसांतच काम भागवतो. मग भिडणारा माणूस आणून त्याला दहा यार्ड मागे उभा करणार का?

नाना_सनीवेलकर | १६ मार्च

दादा, हेच मला बोलता येत नव्हतं.

अश्विनी_फ्रीमाँट | १६ मार्च

दादांचा मुद्दा मान्य, पण भीती जरा जास्त वाटते. रायन्स झोन खेळवतो म्हणून कॉर्नर नेहमी मागेच उभा असतो असं नाही. झोनमध्येही रेषेवर धक्का देऊन मग आपल्या भागात मागे जाता येतं, आपला जुना कॉर्नर रिचर्ड शर्मन वर्षानुवर्षं तेच करत होता. पाच यार्डांच्या आत हात लावायला नियम मोकळीक देतो, त्यापुढे लावलात तर रुमाल. वॉर्डची खासियत त्या पहिल्या पाच यार्डांतच आहे.

दुसरं, निक बोसा आणि एरिक आर्मस्टेड पुढून इतक्या लवकर पोहोचतात की रिसीव्हर पहिल्या दीड सेकंदात अडखळला तरी पुरे. क्वार्टरबॅकला वाट बघायला वेळच नाही. हे दोन भाग एकमेकांना धरून बघावे लागतात. कॉर्नर चांगला दिसतो तो बऱ्याचदा पुढच्या चौघांमुळे, आणि बोसाला सॅक (क्वार्टरबॅकला पाडणं) मिळतो तो मागच्यांनी अर्धा सेकंद जास्त दिल्यामुळे.

तिसरं, टीव्हीवर बघून कॉर्नरबद्दल मत बनवू नका प्लीज. कॅमेरा चेंडूमागे असतो. कॉर्नर सगळा वेळ चौकटीच्या बाहेर, फक्त पास पकडला गेल्यावर जो जवळ दिसतो त्याच्या नावानं बोंब. जानेवारीत बफेलोच्या गेब्रियल डेव्हिसनं चीफ्सवर ४ टचडाउन आणि २०१ यार्ड काढले. त्यात कुणाची चूक किती, हे वरून घेतलेलं, बावीसही खेळाडू दिसणारं फुटेज बघितल्याशिवाय सांगता येत नाही. जवळ दिसतो तो कदाचित दुसऱ्याचं भोक बुजवायला धावलेला असतो.

शेंगदाणा | १६ मार्च

हळूहळू कळतंय. म्हणजे कबड्डीतला कॉर्नर का? डावा कॉर्नर, उजवा कॉर्नर, चढाईपटू आला की घोटा धरायचा.

दहिसरचा_दादा | १६ मार्च

जवळपास. फरक असा की कबड्डीत कॉर्नर चढाईपटूच्या पायाकडे बघत वाट पाहतो, पुढे येणं त्याच्या हातात असतं. इथं कॉर्नरला उलटं, पाठीमागे पळत सुरुवात करावी लागते आणि समोरच्याला कुठं वळायचंय ते आधीच ठाऊक असतं. शिवाय घोटा धरला तर रुमाल.

शेंगदाणा | १६ मार्च

मग कबड्डीच बरी.

कँडलस्टिकवाला | १६ मार्च

पोरांनो, १९९४ बद्दल कुणी बोलायलाच तयार नाही. डिऑन सँडर्स एका वर्षासाठी आला. ६ इंटरसेप्शन, त्यातल्या तिनांवर थेट टचडाउन, ३०३ यार्ड परत धावला, वर्षातला सर्वोत्तम बचावपटू. सुपर बोलला चार्जर्सना ४९-२६ नं धुतलं. आणि पुढच्या वर्षी डॅलसला चालता झाला! एका वर्षाचा कॉर्नर कसा असावा तर असा. हे तुमचे डावे-उजवे झोन आम्हाला तेव्हा माहीतच नव्हते, मैदानाची अर्धी बाजू बंद असायची एवढंच कळायचं.

आकडेमोड | १६ मार्च

काका, डिऑनच्या मापानं मोजलं तर सगळेच बुटके.

रात्रपाळी | १७ मार्च

जिमीचं काय झालं?

पर्वती_पायथा | १७ मार्च

रात्रपाळी, झोप जरा.

अनुस्वार | १७ मार्च

किमतीबद्दल कुणीच नीट बोललं नाही. जे. सी. जॅक्सनला चार्जर्सनी ५ वर्षं, ८ कोटी २५ लाख दिले. कार्लटन डेव्हिस टँपाकडेच राहिला, ३ वर्षं, ४ कोटी ४५ लाख. म्हणजे बाजारात वॉर्ड तिसऱ्या क्रमांकाच्या भावात मिळाला. या वर्षी संघाची पगारमर्यादा २० कोटी ८२ लाख आहे. वरवर भागाकार केला तर वॉर्ड वर्षाला सहा-सात टक्के खातो, पण सायनिंग बोनस वर्षांवर विभागून दाखवता येतो, त्यामुळे पहिल्या वर्षी बोजा बराच हलका. हिशोब करणारे हुशार आहेत. पुढच्या वर्षी तो बोजा फुगतो, तेव्हा रडारड.

आणि ड्राफ्टमधून का नाही घेतला असं विचारणाऱ्यांनो, क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी या वर्षीची आणि पुढच्या वर्षीचीही पहिली फेरी मायामीला दिलीय. आपली पाळी दुसऱ्या फेरीच्या शेवटी येणार. तिथं मिळणारा कॉर्नर पहिल्याच वर्षी आपल्या डिव्हिजनमधल्या मेटकाफ आणि हॉपकिन्स या रिसीव्हरांसमोर उभा करणार? वॉर्ड २५ वर्षांचा आहे, चार वर्षं मोठ्या सामन्यांत शिजलाय. तरुण माणूस, मधला भाव. मला सौदा आवडला.

नाना_सनीवेलकर | १७ मार्च

अनुस्वार, मेटकाफचं बरोबर. ६ फूट ४ इंचाच्या त्या बैलासमोर गेल्या वर्षी आपली पोरं बघवत नव्हती. पण डिव्हिजनमध्ये रॅम्सचा कूपर कपही आहे. गेल्या मोसमात १४५ पास पकडले त्यानं. तो मेटकाफसारखा आडदांड नाही, आणि तो बऱ्याचदा बाहेर उभाच राहत नाही, आतून सुटतो. काकू म्हणतात तसे चपळ लोक वॉर्डला जड जात असतील तर नेमका जो माणूस आपल्याला प्लेऑफमधून बाहेर काढतो त्याच्यावर हा उपाय नाहीच.

कॅन्सस_काकू | १७ मार्च

त्याच्यावर कुणाकडेच उपाय नाही हो. असता तर सुपर बोलला बेंगॉल्सनी वापरला असता.

अश्विनी_फ्रीमाँट | १७ मार्च

कपला एकटा माणूस धरतच नाही, त्याला धरायला लाइनबॅकर आणि सेफ्टी लागतात. बाहेरचा कॉर्नर भरवशाचा असला की ते दोघे मोकळे होतात. वॉर्डचा उपयोग असाच बघायचा, जिथं तो दिसत नाही तिथं.

पर्वती_पायथा | २४ ऑक्टोबर २०२२

धागा वर काढतो. काकू, तुमच्या चीफ्सकडून ४४-२३? पहाटे उठून हेच बघायचं होतं का?

कॅन्सस_काकू | २४ ऑक्टोबर

मी काही बोलले का? तुमच्या लेव्हाईज स्टेडियमवर येऊन आमची पोरं जरा पळून गेली, बस. व्यायाम.

अनुस्वार | २४ ऑक्टोबर

दुसऱ्या बाजूच्या कॉर्नरचा, मोझलीचा, गुडघा कॅरोलायनात गेला, त्याच सामन्यात त्यानं इंटरसेप्शनवर टचडाउन केला होता. यंदा पण कॉर्नरवर संक्रांत. आता लेनुआरवर बाहेरची जबाबदारी. एका सामन्यावरून वॉर्डला धरू नका.

रात्रपाळी | २२ नोव्हेंबर २०२२

मेक्सिको सिटीत ॲरिझोनाला ३८-१०! आणि सामन्यानंतर वॉर्ड हॉपकिन्सच्या उत्तेजकांच्या बंदीवरून जे काही बोललाय ते वाचलं का? आपल्या गल्लीतला वाटला एकदम.

कँडलस्टिकवाला | २२ नोव्हेंबर

कॉर्नरला तोंड हवंच. डिऑनला होतं, शर्मनला होतं. तोंड बंद ठेवून हे काम होत नाही. दर पाचव्या मिनिटाला हजारो लोकांसमोर फजिती होणार असते, मध्ये स्वतःला काहीतरी सांगत राहावं लागतं.

नाना_सनीवेलकर | ३१ जानेवारी २०२३

फिलाडेल्फियात ३१-७ नं हरलो, क्वार्टरबॅकच उरले नाहीत, त्यावर बोलण्यात अर्थ नाही. पण मोसम संपला तर मूळ प्रश्नाकडे येतो. १३ विजय, ४ पराभव. गुण आणि यार्ड, दोन्हींत लीगमधला सर्वांत कंजूष बचाव आपला. वॉर्ड जवळपास सगळे सामने खेळला. इंटरसेप्शन: एक.

आकडेमोड | ३१ जानेवारी

आणि नॉर्मनचे रुमाल आठवतात का? बाहेरच्या बाजूला ते फुकटचे चाळीस यार्ड जाणं बंद झालं. जे घडलं नाही त्याचा आकडा छापून येत नाही, हीच या जागेची पंचाईत.

दहिसरचा_दादा | ३१ जानेवारी

मी मार्चमध्ये विचारलं होतं की भिडणाऱ्याला मागे उभा करणार का. रायन्सनं दोन्ही करून घेतलं: रेषेवर भिडवलं आणि जिथं गरज तिथं झोन. श्रेय वॉर्डइतकंच रायन्सला. आता तो ह्यूस्टनला मुख्य कोच म्हणून निघाला, त्यामुळे माझी शंका मी मागे घेत नाही, फक्त पुढे ढकलतो. नवा माणूस काय करतो ते बघू.

अश्विनी_फ्रीमाँट | २४ ऑक्टोबर २०२३

दादांची शंका मिनेसोटात उजाडली. पहिला हाफ संपायला काही सेकंद, बचावाचा नवा प्रमुख स्टीव्ह विल्क्सनं मागे एकही सेफ्टी न ठेवता ब्लिट्झ लावला. वॉर्ड एकटा जॉर्डन ॲडिसनसमोर. चेंडू वॉर्डच्या हातात जवळजवळ आलाच होता आणि त्या पोरानं तो हिसकावून घेतला. ६० यार्डांचा टचडाउन.

नाना, तुमच्या इंटरसेप्शनच्या रकान्याचं काय करायचं सांगा. बोटं अर्धा इंच घट्ट असती तर तो वॉर्डचा इंटरसेप्शन होता, शाबासकी होती. तीच धाव, तीच जागा, तेच वाचन. आता सगळे त्याला शिव्या घालतायत.

नाना_सनीवेलकर | २४ ऑक्टोबर

मीही घातल्या. सामना २२-१७ नं गेला, घालणारच. पण तो डाव लावणाऱ्याला जास्त. मुख्य कोच काइल शानाहनही चिडलाय असं दिसतंय.

रात्रपाळी | १८ डिसेंबर २०२३

ॲरिझोनात वॉर्डचा इंटरसेप्शन आणि ६६ यार्ड धावत टचडाउन! पर्वती, उठलायस का? मी शेजाऱ्यांना उठवलं.

कॅन्सस_काकू | १३ फेब्रुवारी २०२४

मी दोन दिवस मुद्दाम लिहिलं नाही. सुपर बोल, आम्ही २५, तुम्ही २२, ओव्हरटाइम. तुमचा लाइनबॅकर ग्रीनलॉ बिचारा मैदानात धावत येतानाच पडला, ते बघून मलाही वाईट वाटलं.

पण धाग्याच्या विषयावर एक हिशोब मांडते, राग मानू नका. वॉर्ड गेल्यावर आम्ही त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये २१ व्या क्रमांकावर ट्रेंट मॅकडफी घेतला, चौथ्या फेरीत जोशुआ विल्यम्स, सातव्या फेरीत जेलन वॉटसन. तिघांचा मिळून पगार वॉर्डच्या तुलनेत किरकोळ. मॅकडफी यंदा ऑल-प्रोच्या (मोसमातल्या सर्वोत्तमांच्या) पहिल्या संघात. तुमचा वॉर्ड दुसऱ्या संघात. आणि उरलेल्या पैशांत आम्ही काय केलं ते तुम्ही दोनदा... असो.

पर्वती_पायथा | १३ फेब्रुवारी

काकू, सोमवारी पहाटे पाचला उठून बघितलंय, वर मीठ. इथं ऑफिसात कुणाला कळतही नाही की मी का गप्प आहे.

आकडेमोड | १३ फेब्रुवारी

काकूंचा हिशोब चोख आहे, पण तो सगळ्यांना जमत नाही. स्पॅग्नुओलो सातव्या फेरीतला पोरगा वर्षभरात उभा करतो. बाकीच्यांना सातव्या फेरीतून बहुतेक वेळा फक्त जर्सी विकणारे मिळतात. आणि जॅक्सनकडे बघा: ८ कोटी २५ लाखांचा माणूस दीड वर्षात चार्जर्सनी न्यू इंग्लंडला परत पाठवला. त्या मार्चच्या बाजारात वॉर्ड सर्वांत चांगली खरेदी होती, असं मी आज म्हणतो.

यंदाचे आकडे: ५ इंटरसेप्शन, आणि २३ चेंडू हात लावून पाडले किंवा अडवले, लीगमध्ये सर्वाधिक. नानांना पाचाचा आनंद झाला असेल, मला तेविसाचा झाला. गंमत अशी की तेविसाचाही दुसरा अर्थ निघतो: लोक अजून त्याच्याकडे चेंडू टाकतायत. असोमुआसारखी दहशत बसलेली नाही. त्याला वाटतं तितकं कुणी टाळत नाही.

दहिसरचा_दादा | १३ फेब्रुवारी

की आपण बहुतेक वेळा पुढे असतो म्हणून समोरच्यांना चेंडू हवेत टाकावाच लागतो? संधीच जास्त.

आकडेमोड | १३ फेब्रुवारी

तेही आहे. धरून चालू, थोडं हे थोडं ते.

अनुस्वार | ११ मार्च २०२५

तीन वर्षांचा करार संपला. वॉर्ड इंडियानापोलिस कोल्ट्सकडे, ३ वर्षं, ६ कोटींपर्यंत. धागा सुरू झाला तेव्हाच्या भावाच्या जवळपास दीडपट.

रात्रपाळी | ११ मार्च

जाऊ द्यायला नको होता. पण २०२४ त्याचं वाईटच गेलं, तिशीकडे झुकलाय, एवढे पैसे नसतेच दिले आपण.

अश्विनी_फ्रीमाँट | ११ मार्च

२०२४ चे आकडे कृपया इथं मोजू नका. ऑक्टोबरमध्ये त्याची लहान मुलगी गेली, दोन वर्षांचीही नव्हती. तो काही सामने संघापासून दूर होता आणि मग परत येऊन खेळला. त्या वर्षाचा कुठलाही तक्ता कॉर्नरबद्दल काही सांगत नाही. इथून लांब जावंसं वाटलं असेल तर ते त्याचं त्याला माहीत.

रात्रपाळी | ११ मार्च

बरोबर. त्या अर्थानं नव्हतं म्हटलं.

नाना_सनीवेलकर | १२ मार्च

मूळ प्रश्न माझा होता म्हणून माझं मत मांडतो. पहिल्या दोन वर्षांत दिलेला पैसा पूर्ण वसूल, एका वर्षी लीगमधल्या पहिल्या चार-पाच कॉर्नरमध्ये. तिसऱ्या वर्षाबद्दल अश्विनीताईंशी सहमत. पण इंटरसेप्शन मोजणं मी सोडणार नाही. चेंडू आपल्या हातात आला की आपली पाळी येते, बाकी सगळं म्हणजे त्यांची पाळी लांबवणं. २०२२ ला एक होता तेव्हा आपण बचावात पहिले होतो हे मान्य, पण त्यातला अर्धा भाग बोसाचा.

आकडेमोड | १२ मार्च

तीन वर्षं झाली, नाना तिथेच.

दहिसरचा_दादा | १२ मार्च

आता लेनुआरला मोठा करार देऊन झालाय, दुसऱ्या बाजूला गेल्या वर्षीच्या दुसऱ्या फेरीतला रेनार्डो ग्रीन. लेनुआर आत जास्त चांगला की बाहेर, हा खरा प्रश्न. आत ठेवला तर बाहेर अजून एक माणूस लागेल, बाहेर ठेवला तर कपसारख्यांना आत कोण धरणार? बचावाचा प्रमुख म्हणून सालेह परत आलाय, त्याला उंच, लांब हातांचे कॉर्नर आवडतात. लेनुआर तसा नाही. मला वाटतं त्याला दोन डावांत बाहेर आणि तिसऱ्या डाउनला आत घेतील.

अनुस्वार | १२ मार्च

तिसऱ्या डाउनला आत घेतला की बाहेर जो येईल त्याच्यावरच चेंडू जाणार. वेगळा धागा काढा यावर.

कॅन्सस_काकू | १२ मार्च

काढा. आणि हो, यंदा तुमची डिव्हिजन एएफसी साउथशी खेळणार, तुमचा सामना इंडियानापोलिसलाच आहे. आमच्याकडून गाडीनं सात-साडेसात तास. तारीख लागली की मी निघतेय, दोन्ही बाजूंच्या वॉर्डप्रेमींसाठी तिकिटांचं कोण बघतंय?